ताग म्हणजे ताग

लिहून ठेवणार: काशीराम धाकू मंडणगडकर, वय वर्षे ७१, धंदा चामड्याचे हातशिवणकाम, राहणार मांडवी, रत्नागिरी.

आज रोजी माझे डोके ठिकाणावर आहे. हे पहिल्याच ओळीत मुद्दाम लिहितो, कारण पुढचे वाचून ते नव्हते असे म्हणणारे निघतील. दारूला मी जन्मात शिवलो नाही. आज ताप नाही. ऑपरेशन झाल्यापासून उजव्या डोळ्याने सुईचे भोकसुद्धा दिसते. हे सर्व मी माझ्या घराच्या पडवीत बसून, माझ्या हाताने लिहीत आहे. कोणी शिकवलेले नाही, कोणी दम दिलेला नाही. दम द्यायचा झाला तर या घरात तो मीच देतो.

मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही असे कळल्यावरून साधा फुलस्केप आणला आहे. यापूर्वी मी असा कागद केलेला नाही.

माझी पत्नी राही १९८३ साली वारली. मुलगी विमला मंडणगडास दिली आहे, तिचे बरे चालले आहे. मुलगा रावजी मुंबईत असतो. त्याच्याविषयी कलम सातमध्ये लिहिले आहे. वाचणाऱ्याने आधी तिकडे उडी मारू नये, क्रमाने यावे.

कलम १. मी गेल्यावर मला बांधायला नायलॉनची दोरी आणू नये. सुंभ आणावा. बाजारात मिळत नाही अशी सबब सांगतील. सुंभ मिळतो, शोधायला पाय हलवावे लागतात.

खांदा विमलाच्या नवऱ्याने, माझा जुना दोस्त युसुफ होडेकर याने, नाचणकर गुरुजींनी आणि शेजारच्या बाबल्याने द्यावा. युसुफने खांदा दिल्याबद्दल कोणी नाक मुरडले तर त्याने घरी जावे, त्याच्यावाचून अडत नाही. अग्नी विमलाने द्यावा. रावजीने खांदा देऊ नये व अग्नीही देऊ नये.

कलम २. मांडवीचे राहते घर, चिऱ्याच्या भिंती, कौलारू, तीन खोल्या, मागे दोन माड आणि एक फणस, हे सर्व विमलास द्यावे. पोस्टात जे असेल तेही तिलाच.

पलीकडच्या भागोजीने १९७४ च्या पावसात पडलेला कुंपणाचा दगडी गडगा परत रचताना दोन हात आमच्या अंगाला रचला आहे. बारा वर्षे मी त्याला हे सांगत आहे आणि बारा वर्षे तो म्हणतो, गडगा होता तिथेच आहे. पहिल्या माडाच्या बुंध्यावर मी त्याच साली रापीने खूण करून ठेवली आहे. विमलाने ती दाखवावी आणि गडगा मागे घ्यायला लावावा. मी जिवंतपणी हे केले नाही कारण भागोजीची बायको चिमा आमच्या राहीच्या आजारपणात रोज पेज घेऊन येत असे. आता राही नाही आणि मीही नसेन, तेव्हा संकोचाचे कारण उरत नाही.

कलम ३. बाजारातला माझा गाळा, आठ फूट बाय सहा, कु. जनी भाटकर हिला द्यावा. जनी ही मांडवीत मासे विकणाऱ्या सखूची मुलगी, वय सतरा. तिच्या डाव्या पायाला लहानपणी पोलिओ झाला. ती घरी मशीनवर कपडे शिवते. गाळा तिलाच का, ते कलम सहामध्ये आहे.

या गाळ्यात मी सेहेचाळीस वर्षे बसलो. चप्पल हातात न देता लांबून टाकणारे मी पाहिले आणि तीच चप्पल शिवून झाली की उजेडात धरून टाके मोजणारेही तेच. त्यांची नावे लिहायची होती, पण एवढा कागद नाही. जनीला मात्र सांगतो, कोणी काही लांबून टाकले तर ते तसेच लांब पडू द्यावे. उचलू नये.

कलम ४. माझी हत्यारे: भोके पाडायच्या आऱ्या तीन, कातडे कापायची रापी एक, लोखंडी तिपायी ऐरण एक, पट्टा शिवताना मांडीत धरायचा लाकडी चिमटा एक आणि मेणाचा गोळा. ही हत्यारे माझ्या बापाची, धाकू मंडणगडकरची. तो मंडणगडाहून चालत येथे आला तेव्हा डोक्यावर हीच होती. विमलाच्या नवऱ्याने ती मांडवीच्या जेटीवरून समुद्रात टाकावीत. भंगारात घालू नयेत, कोणाला देऊ नयेत आणि रावजीच्या हाताला तर लागूच नयेत. त्या हाताने त्यांची अब्रू एकदा घेतली आहे.

कलम ५. दोऱ्यांचा बिस्किटाचा डबा, तोही जनीला. हे कलम लांब आहे. ज्याला कंटाळा येईल त्याने रबरी चप्पल घालून फिरावे.

१९५२ साली पावसाळ्याच्या तोंडावर मी आणि युसुफ, अशा आम्ही दोघांनी सात दोरे घेतले. युसुफ तेव्हा गलबतांची शिडे शिवत असे. दोऱ्यावरून आमचे रोज भांडण होई. एकदाचा निकाल लावावा म्हणून सातही दोरे चार पदरी केले, सगळ्यांना पीळ माझ्या हाताचा, मेण माझे, राळ माझी. जुन्या मचव्याच्या फळीला बांधून खाऱ्या पाण्यात सोडले. दिवाळीला काढले आणि एकेकाला तराजूची वजने टांगली.

सुती दोरा सहा शेरांना तुटला. सुताची खोड अशी की ओढले की लांबते आणि परत जागेवर येत नाही. सुती टाक्याची चप्पल पहिल्या दिवशी पायाला धरते आणि महिन्याभरात पायाला सोडते. रेशीम युसुफने कोठून आणले ते मी विचारले नाही. ताकदीला ते बरे निघाले, पण मेण धरीना, टाका सरकतो. घायपाताचा दोरा ताठ, आरीच्या भोकात बसला की आतून कातड्याला कापत राहतो. अकरा शेर. अंबाडी प्रामाणिक, पण जाडीभरडी. बैलाच्या सामानाला चालेल, माणसाच्या पायाला टोचेल. चौदा शेर. विलायती जवसाचा दोरा, जो युसुफ गलबतावरच्या खलाशांकडून मिळवत असे, तो तेवीस शेरांना गेला. त्यापुढे मी मान तुकवतो. पण तो मिळेल तेव्हा मिळेल, त्याच्या भरवशावर गाळा चालत नाही.

आणि आपला ताग. एकवीस शेर. विलायतीच्या मागे दोनच शेर, आणि उगवतो कुठे, तर युसुफच्या परसात. त्याची बायको हफीजा दर वर्षी भातानंतर ताग पेरी. पिवळी फुले येत, मग कापून, पाण्यात कुजवून, झोडपून, धुऊन ती त्याचे केसासारखे बारीक तंतू काढी. पूर्वी या किनाऱ्यावरची सगळी जाळी याचीच होत. ताग भिजला की सैल पडत नाही, उलट आवळतो. मेणात ओढलेला तागाचा दोरा, दोन सुयांनी समोरासमोर घातलेला टाका, इंचाला सात. एक सूत तुटले तरी दुसरे धरून राहते. माझ्या हातचा असा टाका उसवून दाखवणारा अजून जन्माला यायचा आहे.

सातवा दोरा गोणपाटाचा. तो केवळ गंमत म्हणून बांधला होता. दिवाळीला फळीवर नुसती गाठ शिल्लक होती.

डब्यात सहा दोऱ्यांच्या सहा आणि त्या गाठीची एक, अशा सात चिठ्ठ्या लावलेल्या पुड्या आहेत. आठवी पुडी नंतरची. तिच्यावर "रावजीचा ताग" असे लिहिले आहे. ती कशाची, ते पुढे येते.

नायलॉन डब्यात नाही. तो कोणत्या झाडाचा नाही, त्याला तेथे जागा नाही. नायलॉन तुटत नाही म्हणून लोक नाचतात. तुटत नाही हे खरेच आहे. तो कातडे तोडतो. दोरा तुटला तर परत शिवता येते, कातडेच फाटले तर शिवणार कशाला? पण जाळी नायलॉनची झाली, शिडे गेली, इंजिने आली. १९७८ साली हफीजाने ताग पेरणे सोडले. कोणासाठी पेरू, असे तिने मला विचारले. माझ्या एकट्यासाठी पेर असे म्हणायला मला तोंड झाले नाही. तिच्याकडचा शेवटचा ताग मी पुरवून पुरवून दोन वर्षे वापरला.

कलम ६. जनीविषयी. जनी अकरा वर्षांची असताना तिच्या पायाला लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा मिळाला. त्याचे कातडी पट्टे तिला काचत, म्हणून सखू तिला माझ्याकडे घेऊन आली. १९८० च्या मे महिन्यात नवे पट्टे करायचे ठरले. मापे मी घेतली, कातडे मी कापले. पण त्याच आठवड्यात माझ्या डोळ्याचे ऑपरेशन झाले आणि डोळ्यांवर पट्टी आली. शिवण रावजीने केली.

त्याच वर्षी नारळी पौर्णिमेला मांडवीच्या जेटीवर गर्दी होती. जनी पायऱ्या उतरत होती. गुडघ्यावरच्या पट्ट्याची शिवण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उसवली, सांगाडा निखळला आणि पोर नऊ पायऱ्या खाली गेली. खुबा मोडला. तोवर ती सांगाड्यावर मोकळी चालत होती. आज तिला सांगाडाही लागतो आणि काठीही.

सखूने मला एक शब्द बोलून दाखवला नाही. बाजार मात्र बोलला. काशीरामचा टाका सुटला, म्हणून बोलला. तोवरच्या चाळीस वर्षांत माझ्या टाक्याविषयी कोणी असे बोलले नव्हते. जनीचा पट्टा मी पुन्हा शिवला, युसुफने जपून ठेवलेला विलायती दोरा घालून. तो अजून आहे. गाळा मी तिला देतो तो उपकार म्हणून नव्हे. तिचे माझ्या घराने घेतलेले आहे, त्यातले थोडे परत जात आहे.

कलम ७. माझा मुलगा रावजी.

रावजी सतराव्या वर्षी मुंबईस गेला आणि तेथे एका चपलांच्या कारखान्यात मशीनवर बसला. मशीन आणि नायलॉन, हेच तो शिकला. तेरा वर्षांनी माझे डोळे गेले म्हणताच नोकरी सोडून आला, आता गाळा मीच बघतो म्हणाला. राहीने त्या दिवशी घावन केले होते आणि मीही, कबूल करतो, शेजारी चारदा सांगून आलो होतो.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी तो दवाखान्यात आला आणि जनीच्या पट्ट्याला नायलॉन घालतो म्हणाला. मी पडल्या जागेवरून त्याला सुनावले की माझ्या गाळ्यात ताग चालतो, दुसरे चालत नाही. तो गेला.

नारळी पौर्णिमेनंतर मी तो उसवलेला पट्टा हातात घेतला. शिवणीतून निघालेला दोरा बोटात चोळला आणि त्याचा भुगा झाला. गोणपाटाचा दोरा! वरून मेण आणि राळ, म्हणून दिसायला काळा आणि देखणा. पोतीवाल्याकडे फुकट मिळेल तो दोरा माझ्या मुलाने एका लंगड्या पोरीच्या पट्ट्यात घातला होता. मी त्याला विचारले, हा काय आहे? त्याने माझ्या तोंडावर सांगितले:

"ताग हाय, आबा. तुमी लिवलाव तोच आणला मी."

चूक झाली म्हणाला असता तर मी दोन थोबाडीत देऊन विसरलो असतो. माझ्या हातात गोणपाट ठेवून तो मला ताग म्हणाला. तागाला ओळखत नाही असे समजला मला! मी त्याला समाजाच्या बैठकीत उभे केले, भुगा सगळ्यांच्या हातावर ठेवला आणि सांगितले की माझा मुलगा चोर नाही, त्याहून खालचा आहे, तो खोटा आहे. तो तेथून निघाला आणि संध्याकाळच्या एसटीने मुंबईस गेला. भुग्यातला वाचलेला तुकडा मी डब्यात ठेवला, तीच आठवी पुडी.

राही शेवटपर्यंत म्हणत राहिली की पोर खोटे बोलत नाही. मी तिला म्हणालो, आया असेच म्हणतात. ती गेली तेव्हा रावजी आला. मी दार लावून घेतले आणि त्याला खांदा देऊ दिला नाही. तो रस्त्याच्या कडेने चालत मागून आला, इतरांच्या मागे, परक्यासारखा. मी पाहिले आणि मान वळवली. त्याचा मला पश्चात्ताप नाही.

सबब रावजीस माझ्या स्थावर जंगमातून काही देऊ नये. कोणी म्हणेल मुलाला नावापुरते तरी द्यावे, तर देतो. पडवीत खुंटीला एक रिकामे गोणपाट आहे. ते त्याला द्यावे आणि द्यायच्या वेळी म्हणावे, हा घे तुझा ताग.

एवढ्यावर माझे म्हणणे संपते. उद्या साक्षीदारांसमोर सही करावयाची आहे.

कलम ८. हे दुसऱ्या दिवशी लिहीत आहे. शाई तीच आहे.

सकाळी युसुफ आणि नाचणकर गुरुजी सहीसाठी आले. साक्षीदाराने वाचण्याचे कारण नाही, त्याने फक्त सही पाहायची, असे मी सांगितले. पण गुरुजींचा जन्म मराठी शाळेत गेला, कागद हातात आला की ते वाचणारच. मोठ्याने वाचत गेले. गडग्याला हसले. कलम पाचमध्ये थांबले, मग पुढे वाचू लागले. कलम सातला आले आणि त्यांनी चष्मा काढला.

"काशीराम," गुरुजी म्हणाले, "ताग म्हणजे गोणपाटाचाच ना? भूगोलात आम्ही पोरांना तेच शिकवतो. ताग बंगालात पिकतो, त्याची पोती करतात."

मी त्यांना झाडले. म्हणालो, शाळेच्या पुस्तकात काहीही असेल, ताग म्हणजे ताग, पिवळ्या फुलांचा, हफीजा पेरायची तो. गोणपाट म्हणजे गोणपाट. गुरुजी म्हणाले, तुझ्या परसात असेल तसे, पण छापील मराठीत पोत्याचा तो ताग.

मला वाटले युसुफ हसेल. युसुफ हसला नाही. तो म्हणाला:

"मुंबईत पन त्याला तागच म्हंतात, काशीराम. मी चार वर्सं गोदीत होतो. तागाचे गठ्ठे म्हनून उतरवायचो ते पोत्याचेच."

मग तो आणखी म्हणाला की ते कार्ड त्यानेच पेटीत टाकले होते.

कोणते कार्ड, ते मला विचारावे लागले नाही. १९८० च्या एप्रिलात मी रावजीला मुंबईस पोस्टकार्ड लिहिले होते. हफीजाचा ताग संपला होता. मी लिहिले होते की येताना तागाचा दोरा आणणे, बारीक व घट्ट पिळाचा, नायलॉन आणू नये. एवढेच लिहिले होते. कसला ताग, कोठला ताग, पिवळ्या फुलांचा की कसला, हे लिहिण्याचे मला सुचले नाही, कारण जगात दुसरा ताग आहे हे मला माहीत नव्हते. एकाहत्तर वर्षांचा झालो, सात दोरे पाण्यात बुडवून वजने टांगली आणि त्यातल्या एकाचे मुंबईतले नाव मला ठाऊक नव्हते.

रावजी मुंबईच्या बाजारात गेला असेल आणि म्हणाला असेल, तागाचा दोरा द्या. दुकानदाराने दिला. बरोबरच दिला.

आता काल कलम सातमध्ये जे लिहिले नाही ते लिहितो. विसरलो नव्हतो. लिहायचे टाळले होते.

दवाखान्यात रावजी आला तेव्हा रिकाम्या हाताने आला नव्हता. खिशात तो दोरा होता. तो म्हणाला होता, आबा, हा मऊ लागतो, माझे मन घेत नाही, नायलॉन घालू का, नाहीतर तुम्ही एकदा बोट लावून बघा. माझ्या डोळ्यांवर पट्टी होती, बोटांवर नव्हती. त्याने दोरा माझ्या तळहातावर ठेवायला हात पुढे केला आणि मी तो झटकला. म्हणालो, ताग मला दाखवतोस? दोरा खाटेखाली पडला. तो वाकून उचलतानाचा आवाज मी ऐकला.

एक बोट लावले असते तरी मला कळले असते. अंधारात, झोपेत, मेल्यावरसुद्धा कळले असते.

त्याला शंका आली होती आणि तो विचारायला आला होता. कारागिराने जे करायचे ते त्याने केले. मी केले नाही. जनीच्या पट्ट्यात जो दोरा तुटला तो मी पोस्टकार्डाने मागवला, मी दवाखान्यातून घालायला लावला आणि बैठकीत मी दुसऱ्याच्या नावावर टाकला. नायलॉन घातले असते तर पोर आज काठीशिवाय चालली असती. हे वाक्य लिहायला मला अर्धा तास लागला आहे. नायलॉनविषयी माझे मत तेच आहे, पण हे वाक्य खरे आहे.

सहा वर्षे राग धरला. राग अजून आहे, कमी झालेला नाही, फक्त तो ज्याच्या दारात बसला होता तेथून उठून माझ्या दारात आला आहे. राहीला मी म्हणालो होतो, आया असेच म्हणतात. तिला आता मी काय सांगू, ते कोणत्या कलमात बसवू?

कालची कलमे खोडून टाकावीत असे मी म्हटले. गुरुजी म्हणाले, मृत्युपत्रात खाडाखोड केली की भांडणे होतात, खाली नवे कलम घाल, शेवटचे लिहिलेले तेच धरतात. ते बरेच झाले. कालचे सगळे जसेच्या तसे राहू द्यावे. बापाने आपल्याविषयी काय लिहिले होते आणि कुठल्या शब्दावरून लिहिले होते, ते रावजीला वाचता आले पाहिजे.

तेव्हा आता असे ठरवतो. घर विमला आणि रावजी या दोघांना निम्मे निम्मे. पोस्टातले विमलास, सांगितले तसेच. गाळा जनीचा, त्यात कोणी हात घालू नये. दोऱ्यांचा डबाही तिचाच, पण आठव्या पुडीवरची चिठ्ठी मी काढून फाडली आहे आणि "काशीरामचा ताग" अशी लिहून लावली आहे. गडग्याचे कलम कायम आहे. भागोजीविषयी मला नवीन काही कळलेले नाही.

बैठकीतल्या ज्या लोकांच्या हातावर मी भुगा ठेवला होता त्यांच्यातले जे हयात आहेत त्यांना गुरुजींनी कलम आठ मोठ्याने वाचून दाखवावे. बारावा होण्याची वाट पाहू नये. माझ्या हयातीतच, येत्या बैठकीत वाचावे. मी समोर बसेन.

खांद्याचे कलम एक बदलत आहे, पण रावजीने खांदा द्यावा असे मी लिहीत नाही. त्याच्या आईला देऊ दिला नाही, मग माझ्यासाठी हुकूम कोणत्या तोंडाने करू? त्याला द्यावासा वाटला तर त्याची जागा पुढे, उजव्या अंगाला. नाही वाटला तर बाबल्या तेथे उभा राहील आणि कोणी रावजीला विचारू नये.

हत्यारे समुद्रात टाकू नयेत. ती आता घरातही ठेवत नाही. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात, आणि ही गोष्ट तोवर बंद ठेवून चालणार नाही. उद्या सकाळच्या एसटीने मी मुंबईस जात आहे. आऱ्या, रापी, ऐरण, चिमटा आणि मेणाचा गोळा बरोबर नेत आहे. एवढे लोखंड न्यायला पिशवी पुरेना, म्हणून खुंटीवरचे गोणपाट घेतले आहे. त्यात सगळे नीट बसले.

रावजी हत्यारे घेईल किंवा दार लावून घेईल. लावले तर आईच्या वेळेस तो बाहेर जितका उभा होता तितका वेळ मी बाहेर उभा राहणार आहे. वाटेत मला काही झाले, एसटी घाटात गेली किंवा छाती बंद पडली, तर हा कागद त्याला देऊन पुढची एवढी एक ओळ त्याला वाचून दाखवावी, बाकीचे तो आपले आपण वाचील.

रावजी, मी लिहिला तोच ताग तू आणलास.

वरील सर्व मी वाचून, समजून, दोन दिवसांत दोन वेगळ्या मनांनी लिहिले असून शेवटचे मन खरे धरावे.

सही: काशीराम धाकू मंडणगडकर

आमच्या समक्ष काशीराम यांनी सही केली व आम्ही त्यांच्या समक्ष केली. साक्षीदाराला काही ठेवू नये असे म्हणतात, म्हणून आम्हा दोघांस त्यांनी काही ठेवलेले नाही, हेही त्यांनी आम्हाला दोनदा ऐकवले.

साक्षीदार १: युसुफ दाऊद होडेकर, रा. मांडवी. (कार्ड मी टाकले होते.)

साक्षीदार २: धोंडू रामा नाचणकर, निवृत्त प्राथमिक शिक्षक, रत्नागिरी.

ठिकाण: मांडवी, रत्नागिरी
दिनांक: १६ नोव्हेंबर १९८६